तुळयांचा मान

"चढ," आत्याबाई म्हणाल्या.

बाभळीची शिडी माजघरातल्या मधल्या तुळईला टेकवलेली होती. खाली करडईच्या तेलाची वाटी होती आणि तिच्यात बुडवलेला जुन्या लुगड्याचा बोळा. मी पदर खोचून उभी होते, पण जागची हलत नव्हते.

"मी चढणार नाही," मी म्हणाले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. 'नाही' हा शब्द त्या घरात त्या एकट्याच वापरायच्या, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो ऐकायची त्यांच्या कानांना सवय नव्हती.

"काय म्हणलीस?"

"शिडीवर चढणार नाही."

"का बरं? भ्या वाटायलं?"

"नाही."

"पाय दुखायलेत?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. चढणार नाही."

पुढचं दार सताड उघडं होतं. समोरच्या ओट्यावर शेवंताकाकू गोधड्या वाळत घालत होत्या. काकूंच्या कानातून सुई पडल्याचा आवाजसुद्धा सुटायचा नाही.

"काय भागीरथीबाई," त्यांनी तिथूनच हाक दिली, "धाकटी चढंना व्हय?"

"चढती की! पदर खोचायली," आत्याबाईंनी हसून सांगितलं आणि मग वळून माझ्याकडे असं पाहिलं की शिडीलाही कापरं भरावं.

आमचं गाव औशाजवळ. लातूरकडे घट बसायच्या आधी सगळं घर धुऊन-पुसून लख्ख करतात, त्याला दसरा काढणं म्हणतात. गोधड्या, वाकळा, भांडीकुंडी, डबे-उतरंडी, काही म्हणून सुटत नाही. आमच्या माळवदाच्या घरात त्यातलं सगळ्यात अवघड काम तुळयांचं. वर्षभराची चुलीची काजळी आणि जळमटं काढून प्रत्येक तुळई तेलाच्या बोळ्याने हाताने चोळायची. हे काम धाकट्या सुनेचं. त्याला काम म्हणायचं नाही, मान म्हणायचं. आमच्या घरात जे काम कुणालाच नको असे त्याला मान म्हणत.

वर तुळया आणि खाली पट्टी. माझे सासरे एकदा हैदराबादला गेले असताना कुठल्याशा हवेलीत भिंतींच्या पायाशी ठोकलेली लाकडी पट्टी पाहून आले आणि आपल्याही माजघराला चारी बाजूंनी वीतभर उंचीची सागवानी पट्टी ठोकून घेतली. ते हौस फेडून देवाघरी गेले. पट्टी राहिली, आणि उकिडवं बसून सरकत सरकत ती पुसायचं काम आक्कांकडे आलं. आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, गोदावरी. पूर्वी कधीतरी विहिरीवर पाय घसरून पडल्यापासून त्यांची कंबर धड नव्हती. दसरा काढून झाला की आठवडाभर त्या भिंतीला धरून चालायच्या. त्यांना मूल नव्हतं आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

आता माझं सांगते. मला दिवस गेले होते. दुसरा महिना चालू होता. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर गेलेले दिवस, त्यामुळे पाऊल टाकतानाही मी जीव मुठीत धरून होते. पण तिसरा महिना सरेपर्यंत ही गोष्ट तोंडातून काढायची नाही, काढली की दृष्ट लागते, असा आमच्याकडचा नेम. श्रावणात पंचमीला माहेरी जाऊन मी महिनाभर राहिले होते, त्यामुळे घरात कुणाला संशय आला नसावा अशी माझी समजूत होती. माहीत होतं ते फक्त माझ्या नवऱ्याला. हे लातूरला बियाण्यांच्या दुकानात कामाला होते, रविवारी यायचे.

"आईला सांगा ना," मी त्यांना म्हटलं होतं.

"तीन महिने तर होऊ दे. मग सांगू."

"आणि तीन महिन्यांच्या आत पडले तर?"

"असं अभद्र बोलू नये," म्हणाले आणि सोमवारच्या पहिल्या एसटीने निघून गेले. स्वभावाने भला माणूस, पण आईसमोर त्यांची जीभ टाळूला चिकटायची.

म्हणजे मला कारण न सांगता नकार द्यायचा होता. कारण न सांगता दिलेल्या नकाराला लोक माज म्हणतात. म्हणू देत, असं मी ठरवलं.

"चार बुकं शिकलीस म्हणून तुळया बाटतात व्हय तुला?" आत्याबाई दुपारभर बोलत होत्या. "मी चढले, माझी सासू चढली. आमच्यात असं नसतं बाई, की सून खाली हुबी आणि तुळया काळ्या."

"तुळया काळ्या राहणार नाहीत," मी म्हणाले. "मी खालूनच करीन."

"खालून? हात काय झाडायेवढे वाढणारेत?"

ते मलाही माहीत नव्हतं. पण बोलून बसले होते.

आंबे उतरायचा बांबूचा लांब कळक गोठ्यात पडलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो अंगणात आणला, त्याच्या टोकाला लुगड्याची घडी ठेवली आणि सुतळीने गच्च आवळायला लागले. तीन-चार वेढे दिले असतील. तेवढ्यात आत्याबाई बाहेर आल्या आणि त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं.

"आगं ए! काय बांधायलीस?"

"तुळयांसाठी..."

"कळकाला सुतळी? पितरपाटात? घरात कोण गेलंय गं? कोणाला न्यायचंय?"

माझे हात जागीच थांबले. कळकाला सुतळीने बांधणं घरात एकाच वेळी होतं, आणि ते बांधलेलं चार जण खांद्यावरून घेऊन जातात. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण तुळयांच्या नादात डोक्यातच आलं नाही. आणि माझ्या पोटात जे होतं ते आठवून मीच घाबरले. आत्याबाईंच्या आधी मीच ती सुतळी विळ्याने कापून चुलीत टाकली.

"घट बसायच्या आत तुळया झाल्या न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या, "तर तुझ्या भावाला बोलावून घेते. जा माहेरी. माज करायचा तर तिकडं कर."

"बोलवा," मी म्हणाले. "पण शिडीवर चढणार नाही."

तोंडाने बोलले खरी, पण माहेरी पाठवलेली सून परत किती दिवसांनी येते, येते का नाही, हे मी गावात पाहिलेलं होतं.

म्हणजे काठी हवी, पण बांधायची नाही. मी गोठ्यात जाऊन बसले. कोपऱ्यात पोत्याखाली माझी सायकल होती. औशाच्या कॉलेजला जायला वडिलांनी घेऊन दिलेली, लग्नात माझ्याबरोबर टेंपोतून आलेली. आल्या दिवशीच आत्याबाईंनी सांगितलं होतं, सुनेनं सायकल चालवायची? आमच्यात असं नसतं. तेव्हापासून तिच्यावर कोंबड्या बसत. मी पोतं ओढलं आणि उगीच तिचं सीट पुसायला लागले. पुसता पुसता ते माझ्या हाताखाली पुढे कललं. नट सैल झाला होता.

मी सीट वर केलं, परत खाली केलं. सीटखाली दातेरी चकत्या असतात. नट सैल केला की सीट हवं तसं कलतं, आवळला की दाते दात्यांत बसतात आणि मग हत्ती बसला तरी हलत नाही. आणि सीटच्या खाली दांडा असतो, गोल, लोखंडी. कळक तर आतून पोकळ.

भाऊजींच्या, म्हणजे आक्कांच्या नवऱ्याच्या, मोटारपंपाचे पाने खुंटीवर होते. मी सीट दांड्यासकट उपसून काढलं. सायकल बोडकी दिसायला लागली. मला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही.

दांडा कळकाच्या तोंडात घालून मागून दगडाने ठोकला, तर कळक उभा चिरला. चिरलेलं टोक कापून पुन्हा ठोकला, पुन्हा चिरला. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कडं घाल की त्याला."

आक्का दारात उभ्या होत्या. कधीपासून होत्या देव जाणे. त्यांच्या हातात मोडक्या मुसळाचं लोखंडी कडं होतं.

"मुसळ फुटू नाही म्हणून कडं असतं. कळक बी फुटणार न्हाई."

कडं कळकाच्या टोकावर घट्ट बसलं. मग आक्कांनी कळक धरला आणि मी दांडा ठोकला, बाजूला बाभळीची एक पाचर मारली. सुतळीचा एक वेढा नाही. कळकाच्या टोकावर सायकलचं सीट ऐटीत बसलं. आम्ही दोघी लांब होऊन त्याच्याकडे बघायला लागलो आणि आक्कांना हसू फुटलं. त्यांना मी त्याआधी हसताना पाहिलंच नव्हतं.

"आता ह्याला तेलाचं फडकं कसं लावायचं? बांधायचं तर न्हाई," त्या म्हणाल्या.

"शिवते."

जुन्या लुगड्याचं मी सीटच्या मापाचं एक झबलं बेतलं, वरून गोल, खाली दोरा ओवून चुण्या घातलेलं. सीटवर चढवायचं, चुण्या ओढायच्या, मळलं की काढून धुवायचं. आक्का माझ्या हातातलं शिवण कितीतरी वेळ बघत होत्या.

"टोपडं दिसायलं गं," त्या म्हणाल्या.

माझी सुई थांबली. बाळाचं काही बाळ यायच्या आधी शिवत नाहीत. मी आक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कळकावरून हात फिरवत होत्या.

"इंदू, हे खाली बी वाकतं का?"

मी नट सैल करून सीट पार उलटं कलवलं आणि पुन्हा आवळलं. आक्कांनी कळक हातात घेतला, ताठ उभ्या राहिल्या, आणि गोठ्याच्या भिंतीच्या पायाशी सीट टेकवून सरळ चालत गेल्या. भिंतीच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. एकदाही वाकल्या नाहीत.

"पट्टी बी पुसून होती की," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एवढा बारीक झाला की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. आमच्यात असं नसतं.

घटाच्या आदल्या सकाळी आम्ही माजघर काढायला घेतलं. आत्याबाईंनी पुढचं दार उघडं टाकलं आणि शिडी मुद्दाम दारासमोरच्या तुळईला लावून ठेवली. समोर शेवंताकाकू होत्याच. मला चारचौघांत खाली बघायला लावायचा हा डाव आहे, असं मला वाटलं. मी शिडी उचलून बाजूला ठेवली.

सीटचं निमुळतं टोक तुळई आणि तिच्यावरच्या आडव्या लाकडी कड्यांच्या सांदीत जिथे बोटही शिरत नव्हतं तिथे शिरलं. रुंद बाजू तुळईच्या अंगावरून फिरली की मागे काळं लाकूड चकाकत यायचं. पहिल्या तुळईला तेल माझ्या कपाळावर, नाकावर, डोळ्यांत टपकलं. दुसरीला मी शिकले, फडकं पिळून घ्यायला लागले. जळमटं पडत होती, पाली पळत होत्या, माझे दंड भरून आले होते आणि माझे दोन्ही पाय शहाबादी फरशीवर होते. एक टोपडं मळलं की आक्का मागाहून शिवलेलं दुसरं चढवायच्या. मग सीट कलवून त्यांनी पट्टी घेतली. माजघराच्या चारी भिंती त्यांनी ताठ मानेने फिरून पुसल्या.

"काय गं बाई हे सोंग!" शेवंताकाकू ओट्यावरून ओरडल्या. "सायकल तुळईवर चालवायलीस व्हय?"

"रस्त्यावर चालवू देत नाहीत ना, म्हणून," मी म्हणाले.

आत्याबाई खांबाला टेकून सगळं बघत होत्या. माजघर झालं तेव्हा त्यांनी प्रत्येक तुळई खालून न्याहाळली. नाव ठेवायला जागा सापडेना, तेव्हा त्या देवघराच्या दारात गेल्या.

"हितली ऱ्हायली."

मी कळक उचलला.

"ते न्हाई," त्या म्हणाल्या. "ज्याच्यावर बूड टेकून गावभर हिंडलीस, ते देवीच्या डोस्क्यावर फिरवणार? हितली तुळई हातानं पुसायची."

मी उचललेला कळक खाली घेतला. आत्याबाईंनी स्वतः शिडी ओढत आणली आणि देवघराच्या तुळईला लावली. मग पुढच्या दारापर्यंत जाऊन ते नीट उघडं आहे ना ते पाहून आल्या.

"एकच तुळई हाय. दोन पायऱ्या चढ, हात फिरव, उतर. काकूला दिसलं की झालं. लई ताणू नको, इंदू."

त्यांचा आवाज बदलला होता. त्या जवळजवळ विनवत होत्या, आणि मला ते कळेना.

"नाही," मी म्हणाले.

"चढ गं बाई."

"ती चढणार न्हाई," आक्का म्हणाल्या.

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. आक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू मधी बोलू नको, गोदा."

"सहा वर्षांखाली बोलले न्हाई. हितूनच पडले मी. ह्याच शिडीवरनं."

"विहिरीवर पडलात ना तुम्ही?" मी विचारलं.

"विहीर आत्याबाईंनी सांगितली गावाला. मी देवघराची तुळई पुसायले होते. माझा बी दुसराच म्हैना होता, इंदू. मी सांगितलं न्हाई, सांगायचं नसतं म्हणून. आत्याबाईंना ठाव होतं. त्या बी बोलल्या न्हाईत. आम्ही दोघी गप बसलो आणि मी चढले."

"ठाव होतं म्हणूनच चढवलं ना गं!" आत्याबाई एकदम ओरडल्या आणि लगेच तोंडावर पदर घेऊन आवाज खाली आणला. "घरातली सून शिडीवर चढली न्हाई, असं गल्लीला दिसलं असतं तर काय कळायचं ऱ्हायलं असतं? समद्यांनी ओळखलं असतं. दृष्ट लागली असती. झाकायसाठीच चढवलं तुला. हिचं बी मला ठाव हाय. माहेरून आली त्या दिवशीच कळलं. म्हणून दार उघडं ठेवायले, म्हणून म्हणायले चढ, कोणाला संशय येऊ नाही... माझा काय नातवावर राग हाय का?"

त्या खाली बसल्या. मी ज्याच्यासाठी शिडी नाकारत होते, त्याच्याचसाठी ही बाई मला शिडीवर चढवत होती. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. सहा वर्षं आक्का या घरात भिंतीला धरून चालल्या होत्या, आणि तरीही शिडी तशीच होती, नेम तसाच होता.

आक्का पुढे झाल्या. त्यांनी शिडी तुळईपासून काढली. "कंबर सांभाळा," मी म्हणाले, तर त्यांनी एक टोकही माझ्या हातात दिलं नाही, एकट्याच खांद्यावर घेऊन निघाल्या. सरळ उघड्या दारातून बाहेर, ओट्याखाली, गल्लीत. मी कळक हातात तसाच धरून त्यांच्यामागे गेले. त्यांनी शिडी दगडावर आडवी टाकली, सरपणाची कुऱ्हाड घेतली आणि पहिला घाव घातला.

बाभळीचं जुनं लाकूड, सहजासहजी तुटत नव्हतं. आक्का मारत राहिल्या. पायरीमागून पायरी निखळून पडायला लागली. ओट्या-ओट्यांवर बायका जमल्या.

"अगं गोदा, चांगली शिडी काहून फोडायलीस?" शेवंताकाकूंनी विचारलं.

आक्कांनी कुऱ्हाड टेकवली, कपाळावरचा घाम पुसला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमच्या इंदूला दिवस गेलेत, काकू! दुसरा म्हैना हाय. ती शिडीवर चढणार न्हाई, आणि हितून पुढं ह्या घरातली कोणतीच बाई चढणार न्हाई!"

मागे दारातून आत्याबाईंचा "हळू, अगं हळू" असा घुसमटलेला आवाज आला.

पुढचं सगळं सुखरूप झालं. वैशाखात मला मुलगी झाली आणि तिचं पहिलं टोपडं आक्कांनी शिवलं. देवघराची तुळई त्या वर्षी काळीच राहिली, देवीने काही म्हटलं नाही. पण मला विचाराल तर माझं बाळंतपण त्या सकाळीच पार पडलं होतं.

त्या सकाळी गल्लीभर बायका ओट्यांच्या कडेला आल्या होत्या. शेवंताकाकू एकदा आक्कांकडे बघत होत्या, एकदा माझ्या हातातल्या सीटकडे, एकदा माझ्या पोटाकडे.

"तीन म्हैने व्हायच्या आत सांगतात व्हय गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

दारातल्या आत्याबाईंकडे मी वळूनही पाहिलं नाही.

"हो," मी म्हणाले. "आमच्यात सांगतात."